केलं की झालं

जादा वेळेच्या खेळासाठी शलाका इंगवलेनं शिट्टी वाजवली तेव्हा कोल्हापुरातलं ते स्टेडियम इतकं भरलं होतं, की कुंपणाच्या भिंतीवरही माणसं पाय सोडून बसली होती. सुवर्णचषकाचा अंतिम सामना होता. खंदकवेस तालीम विरुद्ध दीपमाळ मंडळ. दोन्ही पेठांचं वैर आजोबांच्या काळापासूनचं आणि गोल बरोबरीत.

किक-ऑफ खंदकवेसचा होता. त्यांनी चेंडू थेट उंच, लांब मारला, पार दीपमाळच्या गोलच्या तोंडाशी, आणि सगळा संघ त्याच्यामागे धावत सुटला. धाडस चांगलं होतं. पण चेंडू उतरला तो यशपाल चौगुलेच्या छातीवर. यशपाल एकवीस वर्षांचा, हडकुळा, आणि पळायला लागला की नजरेला न सापडणारा. त्यानं दोघांना चकवलं, आणि समोर अख्खं मैदान मोकळं होतं. गोलरक्षक सोडला तर खंदकवेसचा एकच खेळाडू मागे थांबला होता, धैर्यशील पोवार. तो तिरका धावत आला आणि यशपालला मागून गाठू लागला.

शलाका त्यांच्यापासून फार लांब नव्हती. धैर्यशीलची बोटं यशपालच्या खांद्याला लागलेली तिनं पाहिली. त्याच क्षणी प्रेक्षकांत फटाका फुटला आणि यशपालचं कोपर मागे आणि वर गेलं. दबका आवाज झाला. धैर्यशील दोन्ही हातांनी गळा धरून खाली बसला. यशपालनं मागे वळून पाहिलंही नाही. पुढच्याच लाथेत चेंडू जाळ्यात होता.

पाठोपाठ शिट्टी वाजली. शलाकानं गोल नाकारला आणि यशपालला लाल कार्ड दाखवलं.

दीपमाळच्या कप्तानानं लगेच जर्सीची कॉलर ओढून दाखवली. म्हणजे, जाळी बघा.

जाळी म्हणजे जर्सीच्या आत घालायचं पातळ बनियन. त्यात केसाहून बारीक तारा विणलेल्या असत आणि त्या स्नायूंमधली वीज मोजत. माणूस ठरवून हात उचलतो तेव्हा हुकूम मेंदूतून येतो. हात हलण्याआधीच पाठीचे, पोटाचे, पायांचे स्नायू तोल सांभाळण्यासाठी किंचित आवळले जातात. तापलेल्या तव्याला बोट लागलं तर मात्र हात मागे येतो तो मेंदूला न विचारता. ती हालचाल फार लवकर सुरू होते आणि तिच्याआधी शरीराची कसलीच तयारी दिसत नाही. पुण्याच्या डॉ. ईशा कणेकरांनी पळत्या, झोंबत्या माणसातही हा फरक ओळखता येतो हे सिद्ध केलं. पहिल्या प्रकाराला त्यांच्या निबंधात लांबलचक नाव होतं, दुसऱ्यालाही होतं. लोकांनी दोन सुटसुटीत शब्द निवडले. केलं, आणि झालं.

पाच-सहा वर्षांत हे दोन शब्द मैदानाबाहेर गेले. कारखान्यातला अपघात असो, रस्त्यावरची धडक असो, कोर्टात गेलेली मारामारी असो, अंगावर जाळी असेल तर निकाल चुटकीसरशी लागू लागला. शलाका ज्या शाळेत खेळाची शिक्षिका होती, तिथली मुलं भांडताना आता आईची शपथ घेत नसत. ‘जाळी लावून बघ’ म्हणत. आणि फुटबॉलचा नियम तर बदललाच होता. टक्कर ‘झाली’ असेल तर तो फाऊल नाही.

मोठ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: झालं.

अर्धं स्टेडियम उठून नाचू लागलं. शलाकानं लाल कार्ड खिशात ठेवलं आणि हात मध्यवर्तुळाकडे केला. गोल मान्य.

धैर्यशील तोवर कडेला उभा होता. हात हलवत तो तिच्याकडे येऊ लागला. त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण नुसता वारा बाहेर येत होता. मग त्याचे गुडघे वाकले.

*

धैर्यशील गुळाच्या बाजारात सौद्याची बोली पुकारायचा. त्याचे वडील आनंदा पोवारही तेच करत आले होते. पोराचा आवाज आपल्यापेक्षा चढा आहे, याचा त्यांना अभिमान होता. त्या रात्री शलाका दवाखान्यात गेली तेव्हा ते बाकड्यावर बसले होते. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, की स्वरयंत्राचा चुरा झाला आहे. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे. श्वास राहील. आवाजाचं सांगता येत नाही.

“पोलीस तक्रार घेईनात,” आनंदा म्हणाले. “म्हणतात, यंत्रानं झालं म्हणून सांगितलंय, आता गुन्हा कुणावर घालायचा? बाई, अंगावर वीज पडली असती तर म्या गप बसलो असतो. पर हे माणसाच्या हातानं झालंय. तुमी तिथंच हुता. तुमी काय बघितलं?”

“मी लाल कार्ड काढलं होतं, काका.”

“काढलं, मग परत का ठेवलं?”

नियम तोंडपाठ होता, पण त्या बाकड्यासमोर तो तिच्याच्यानं म्हणवला नाही.

त्या कोपरात तिला काहीतरी खटकत होतं. दचकलेला माणूस आकसतो, हात छातीशी घेतो. हे कोपर आकसलं नव्हतं. ते नेमकं गळ्यावर गेलं होतं, न बघता. आणि गेल्या दोन मोसमांत दीपमाळच्या खेळाडूंकडून अशा ‘झालेल्या’ टकरा जरा जास्तच होऊ लागल्या होत्या.

दीपमाळचे प्रशिक्षक जयसिंग खराडे. त्यांना सगळं कोल्हापूर वस्ताद म्हणायचं, आणि शलाका तर लहानपणापासून. मुलींना मैदानावर कुणी उभं करत नव्हतं त्या काळात त्यांनी तिला मुलांच्या संघात घेतलं होतं. ‘पोरगी आहे म्हणून पास द्यायचा नाही असं कुणी केलं तर त्यानं उद्यापासून येऊ नये,’ असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिच्या लग्नात मामाच्या जागी तेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दीपमाळच्या सरावाला गेली. मैदानाच्या टोकाला, चिंचेच्या फांदीला भुशाची पोती टांगली होती. प्रत्येक पोत्याकडे पाठ करून एकेक खेळाडू जागच्या जागी पळत होता. वस्ताद मागून फिरत होते. ते कुणाच्याही खांद्याला काठीचं टोक लावत आणि त्याच वेळी दुसऱ्या हातातला पत्र्याचा डबा खाणकन वाजवत. डबा वाजला की कोपर मागे जाई आणि पोतं हले.

“हे काय आहे, वस्ताद?”

“तोल,” ते म्हणाले. “मागून कुणी धरलं तर अंगानं स्वतःला सोडवायला शिकलं पाहिजे. कुस्तीत नाही का? पकड बसायच्या आत अंग निसटलेलं असतं. पैलवान विचार करत बसत नाही.”

“पोती गळ्याच्या उंचीला का बांधलीत?”

त्यांनी डबा खाली ठेवला. “जाळी आली आणि माझी पोरं हरायला लागली, शलाका. अंगावर जाऊन खेळायचं तर विचार करावा लागतो, आणि विचार केला की जाळी पकडते. मी कुणाला मार म्हणून सांगितलेलं नाही. कुणालाही विचार. मी फक्त अंगाला सवय लावतो.”

“धैर्यशील पोवारचा आवाज गेला.”

“वाईट झालं,” वस्ताद म्हणाले. आणि डबा उचलत, तिच्याकडे न बघता: “तुला चहा सांगू?”

ती चहा न घेता निघाली.

*

डॉ. कणेकरांना तिनं फोन लावला तेव्हा त्या आधी यंत्राच्या बाजूनं बोलत होत्या. शलाकानं पत्र्याच्या डब्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी तिला मध्येच थांबवलं.

“पुन्हा सांगा,” त्या म्हणाल्या. “स्पर्श आणि आवाज एकाच वेळी?”

“हो.”

“एखादी हालचाल माणसानं इतक्या वेळा घोटली, की ती मेंदूच्या खालच्या भागात तयार होऊन पडून राहते. भरून ठेवलेल्या बंदुकीसारखी. मग दचकवणारी कुठलीही गोष्ट तिचा चाप ओढू शकते. सुटते ती प्रतिक्षिप्त क्रियेच्या वेगानं. आधीची तयारी दिसत नाही, कारण तयारी महिनाभर आधीच झालेली असते.”

“म्हणजे जाळी खोटं बोलली?”

“नाही. जाळीला आपण विचारतो, या क्षणी या माणसानं हे ठरवलं का? ती म्हणाली, नाही. ते खरंच आहे. आपणच प्रश्न फार छोटा विचारला. यंत्र माझं आहे, त्यामुळे हे मला आधी सुचायला हवं होतं.”

“मी स्पर्धेच्या समितीकडे दाद मागणार आहे. तिच्यापुढे याल?”

“आज हजारो निकाल त्या दोन शब्दांवर उभे आहेत, मॅडम,” डॉ. कणेकर म्हणाल्या. “तरी येईन.”

स्वतःच दिलेल्या निर्णयाविरुद्ध पंचानंच दाद मागितली, असं त्या स्पर्धेत कधी झालं नव्हतं. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. तिच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी शेण फासलं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी ‘गुरूवर उलटली’ हे शब्द तिला ऐकू जातील एवढ्याच आवाजात उच्चारले. तिला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. वस्तादांच्या बायकोनं, काकींनी, दर संक्रांतीला यायचा तो तिळगुळाचा डबा त्या वर्षी पाठवला नाही.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी यशपाल तिच्या दारात आला. तो चौकटीपाशीच, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“आत ये. बस.”

“भिंतीकडंच बरं हाय, मॅडम.” त्यानं खाली बघितलं. “परवा मी गॅलरीत मोबाईलवर सामना बघत बसलेलो. आई चहा घेऊन आली. तिनं मागनं खांद्याला हात लावला, आणि तेवढ्यात खालच्या गल्लीत फटाका वाजला. तिचे दोन दात पडले. ओठ फाटला. ती म्हणते, असू दे, तू काय मुद्दाम केलंस व्हय? सगळे तेच म्हणत्यात. मीबी तेच म्हणत होतो धैर्याच्या वेळी. जाळीनंच सांगितलं न्हवं, माझं काय चुकलं? पण मॅडम, आई खाली पडली, तेव्हा मला माझ्या हाताची भीती वाटली. बस थांब्यावर रांगेत उभा राहत न्हाई मी आता. मागं कोण येईल काय सांगावं?”

शलाकानं त्याला पाणी दिलं. तो ते उभ्यानंच प्याला.

“मला धैर्यशीलला मारायचं न्हवतं,” तो म्हणाला. “हे खरं हाय. पण पोतं कशाला टांगलंय ते मला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं. कुणी बोलायचं न्हाई, एवढंच.”

“समितीपुढे सांगशील?”

“वस्तादांनी मला शाळेतनं उचलून मैदानावर आणलं. बाप न्हाई मला.” त्यानं रिकामा पेला खाली ठेवला. “सांगतो.”

*

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश अष्टेकर होते. सभागृहात दोन्ही मंडळांची मोजकीच माणसं घेतली होती. वस्ताद पहिल्या रांगेत, पांढरा सदरा, मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते.

यशपाल जाळी घालून पाठमोरा उभा राहिला. मागे एक भुशाचं पोतं टांगलं होतं. डॉ. कणेकरांनी लांबून काठीनं त्याच्या खांद्याला स्पर्श केला आणि टाळी वाजवली. कोपर गेलं. पोतं गर्रकन फिरलं. पडद्यावर उमटलं: झालं. त्यांनी पुन्हा केलं. झालं. त्यांनी त्याला बजावलं, या वेळी हात हलवायचा नाही, पूर्ण ताकदीनं थांबवायचा. यशपालनं दात आवळले. टाळी वाजली. कोपर तरीही गेलंच. झालं.

“म्हणजे मैदानावरचा निकाल बरोबरच होता,” अष्टेकर म्हणाले. “त्यानं ते केलं नाही.”

“त्या क्षणी नाही केलं, साहेब,” शलाका म्हणाली. “पण हे आभाळातून पडलेलं नाही. कुणीतरी ते त्याच्या अंगात घातलं आहे.”

वस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, “मी स्वसंरक्षण शिकवलं. पोरगं घाबरट असेल तर माझा काय दोष?” त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. दीपमाळच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

यशपाल वळला नाही. पाठमोराच म्हणाला, “वस्ताद, मग काठी कशाला? तुम्हीच या. माझ्या खांद्यावर हात ठेवा. शाळेत होतो तवापासनं ठेवताय की.”

वस्ताद उठले. हळूहळू चालत त्याच्यामागे येऊन उभे राहिले. पोतं कुणीतरी बाजूला ओढून धरलं. यशपालची पाठ घामानं भिजली होती. मान खाली होती. वस्तादांनी उजवा हात उचलला. तो खांद्यापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथं थांबला. दुसरा हात त्यांनी नकळत आपल्या गळ्यापाशी नेला होता.

डॉ. कणेकरांनी टाळीसाठी हात उचललेलेही नव्हते.

“वस्ताद?” यशपालनं विचारलं.

त्यांनी हात मागे घेतला. “नाही ठेवत,” ते म्हणाले, आणि जागेवर न जाता सरळ दाराबाहेर पडले.

अष्टेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढे त्यांनी कुणाला फारसं काही विचारलं नाही.

ज्या गोलवर दीपमाळनं सामना जिंकला होता तो रद्द झाला, लाल कार्ड पुन्हा लागू झालं. त्या वर्षीचा चषक कुणालाच मिळाला नाही. डॉ. कणेकरांनी स्वतः पत्रकारांना बोलावून जाळीची मर्यादा जाहीर केली. त्यांच्यावर चिखलफेक झाली, आणि देशभरातले कितीतरी मिटलेले खटले पुन्हा उघडले. धैर्यशीलची तक्रारही पोलिसांनी घेतली. जबाबदारी कुणाची किती, हा वाद कोर्टात अजून चालू आहे.

त्या दिवशी शलाका बाहेर आली तेव्हा वस्ताद पायऱ्यांवर बसलेले होते. ती त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली बसली.

“तुला मी कधी कोपर शिकवलं नाही,” ते म्हणाले.

“नाही, वस्ताद. तेव्हा जाळी नव्हती.”

ते उठले, तेव्हा त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. तिनं हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पुढच्या मोसमात ते मैदानावर दिसले नाहीत. शलाका दर रविवारी त्यांच्या घरी जाते. कधी दार उघडतं, कधी नाही.

*

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला यशपालनं तिला फोन केला. पुण्यात डॉ. कणेकरांकडे त्याचे उपचार चालू होते. घोटलेली हालचाल पुसता येत नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं; तिच्यावर दुसरी घोटावी लागते. तो रोज तेच करत होता. कुणीतरी खांद्याला हात लावायचा, आणि त्यानं श्वास सोडून हात खाली आणायचा. दहात सात वेळा जमू लागलं होतं.

“धैर्याकडं जायचंय,” तो म्हणाला. “एकट्याच्यानं जिना चढवणार न्हाई.”

आनंदा पोवारांनी दार उघडलं. यशपालला बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मग त्यांनी शलाकाकडे पाहिलं आणि वाट सोडली.

धैर्यशील खिडकीशी बसला होता. गळ्याला पातळ उपरणं गुंडाळलेलं. नळी निघाली होती. आवाज नव्हता, पण फार जोर लावला तर पानं घासल्यासारखे एकदोन शब्द निघत. तो बाजारात परत जाऊ लागला होता. सौदा आता दुसरंच कुणी पुकारायचं, हा ढेपा लावायचा.

यशपाल त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

“समितीत मी सगळं सांगितलं,” तो म्हणाला. “पण एक सांगायचं राहिलं. तिथं सगळे म्हणत होते, त्यानं केलं न्हाई, त्याच्याकडनं झालं. वस्तादांनी केलं. मीबी मान हलवली. खोटं हाय ते, धैर्या. डबा वस्ताद वाजवायचे, पण पहाटे उठून मैदानावर माझ्या पायांनी मी जात होतो. रोज. एकदम न्हाई केलं. रोज थोडं थोडं केलं.”

धैर्यशील त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, तो त्यानं लपवला नाही. आनंदा भिंतीशी उभे होते. चहा कुणी विचारला नाही, आणि तो विचारला जाईल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजी विकत ओरडत गेलं. धैर्यशीलनं तो आवाज दूर जाईपर्यंत ऐकला.

यशपाल उठला. त्यानं आनंदांच्या पायांकडे हात नेला. ते पाय मागे सरले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला नाही. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि वर न बघता म्हणाला, “जातो.”

मागे खुर्ची सरकली. धैर्यशील उठून उभा राहिला होता. त्यानं उपरण्यावरून गळा दाबून धरला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांना नीट ऐकू येईल असं म्हणाला:

“येतो म्हण.”